मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातली सही

अप्पर हटच्या दमट हवेत जुनी मराठी पुस्तकं जपणं म्हणजे लोणचं जपण्यासारखंच! "पुन्हा वाचणार आहेस का?" बायको विचारते. मी म्हणतो, "नाही, मुखपृष्ठं बघणार."

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आपण त्यांचा फडशा पाडला. चित्रकार कोण, हे मात्र पाहिलं नाही. वाचनालयं तर पुठ्ठा बांधताना मुखपृष्ठच काढून टाकीत आणि त्याबरोबर कोपऱ्यातली सहीही जाई. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१), रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) : दोघेही गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' अंक काढला, म्हणून नाव टिकलं. बाकीच्यांचं काय?

तेव्हा मंडळी, भारतातलं घर आवरताना रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तो कोपरा तेवढा बघा.