पथ्याची थाळी : कृतान्नवर्ग आणि आजचे स्वयंपाकघर

वैद्याने दिलेले औषध रुग्ण बहुधा नियमाने घेतो. पथ्य मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडते. रुग्णाचे जिव्हालौल्य यास कारण आहे, असे सहज म्हटले जाते. आम्हांस तसे वाटत नाही. अनेक चिकित्सालयांतील छापील पथ्यपत्रिकेत 'वर्ज्य' या शीर्षकाखाली लांबलचक यादी असते आणि 'सेवन करावे' याखाली मूग, दुधी, पडवळ व जुना तांदूळ. एवढ्या सामग्रीवर महिनाभर काय रांधावे, हा प्रश्न गृहिणीवर सोपविला जातो. एका घरात दोन स्वयंपाक करण्याचा भार तिच्यावर पडतो आणि रुग्णाआधी तीच कंटाळते.

वास्तविक शास्त्रकारांनी हा विषय असा कोरडा ठेवलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 27 व्या अध्यायात आहारद्रव्यांचे 12 वर्ग सांगताना सिद्ध अन्नाचा 'कृतान्नवर्ग' स्वतंत्र मांडला आहे. विमानस्थानातील आहारविधिविशेषायतनांत 'प्रकृती'च्या पाठोपाठ 'करण' व 'संयोग' येतात, तेही याच कारणाने. तांदूळ तोच, परंतु शार्ङ्गधरांच्या मते 14 पट पाण्यात त्याचा मंड, 6 पट पाण्यात यवागू आणि 4 पट पाण्यात विलेपी होते, व तिन्हींचे कार्य भिन्न.

मुगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. संसर्जनक्रमात आधी अकृत यूष, म्हणजे स्नेह, लवण व कटुद्रव्ये यांविना केलेला, आणि त्यानंतर कृत यूष येतो. अकृत यूष ही शोधनानंतरची एक पायरी आहे. जुनाट अम्लपित्ताच्या रुग्णाने तो बारमाही प्यावा, असे कोणी सांगितलेले नाही. आपल्या घरांतील मुगाचे कढण हा कृत यूषच होय. मूग किंचित भाजून, शिजवून, घोटून घ्यावेत. तुपात जिरे, हिंग व कढीलिंबाची फोडणी द्यावी. दुसऱ्या दिवशी फोडणी तीच ठेवून धने व चिमूटभर सुंठ घालावी. तिसऱ्या दिवशी रुग्णास आंबटाची आठवण होणारच! तेव्हा चिंच टाळून गोड डाळिंबाचा रस किंवा भिजविलेली आवळकाठी वापरावी. अम्ल द्रव्ये प्रायः पित्तकर असली तरी दाडिम व आमलक हे त्यास अपवाद आहेत, हे आपण सारेच शिकलो आहोत; मात्र ते पथ्यपत्रिकेत क्वचितच उतरते.

भाज्यांचेही तसेच. दोडक्याची मूगडाळ घालून भाजी होते, आणि शिरांची तीळ घालून चटणी. दुधी किसून थालीपिठात जातो, त्याची खीर होते, सालीही वाया जात नाहीत. हे घरच्या जुन्या बायकांना ठाऊक असते; वैद्याने केवळ त्यास अनुमोदन द्यावयाचे असते. भोगीच्या दिवशी वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर, तीळ एकत्र शिजवून तीळ लावलेली बाजरीची भाकरी, काही भागांत राळ्याचा भात, असा बेत असतो. शिशिरातील प्रदीप्त अग्नीस साजेल असा हा आहार कोणा वैद्याने लिहून दिलेला नव्हता.

प्रयोगशीलतेस मर्यादा आहेतच. साखर नको म्हणून उकळत्या शिऱ्यात मध घालणारे रुग्ण आम्हांस वारंवार भेटतात. शिकरणाबाबत तर वैद्याची पंचाईतच होते; दुधासह केळे सुश्रुतांनी विरुद्ध मानले आहे आणि मराठी घरात ते अत्यंत प्रिय! शिवाय उच्च रक्तदाबाच्या रुग्णास 'सैंधव चालते' असे सांगून मोकळे होऊ नये. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. वृक्कविकारात तर कढणाचे प्रमाणही रक्ततपासणी पाहूनच ठरवावे.

औषधालयाच्या मालकांचा संबंध येथे येतो. 2022 मध्ये 'आयुर्वेद आहार' या वर्गासाठी स्वतंत्र नियम झाले, आणि तयार मिश्रणांकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. तथापि, आम्हांस सुंठ, आवळकाठी, धने, जिरे यांच्या स्वच्छ, ताज्या, लहान पुड्या अधिक उपयोगी वाटतात. अन्नपदार्थांच्या विक्रीस लागणारी नोंदणी तेवढी करून घ्यावी. पुडीसोबत तीन पाककृतींचा कागद द्यावा; आणि शक्य असेल तेव्हा तो रुग्णाच्या हाती न देता, घरी जो रांधतो त्याच्या हाती द्यावा, बाजारात सध्या कोणती भाजी मिळते ते त्यालाच विचारून.