आधी पेडल पाहा, मग बूट घ्या!

शर्यतीच्या सायकलीचे बूट निवडताना पालकांनी व मुलांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

सायकल ही कष्टकरी माणसाची जुनी सोबतीण. कारखान्याच्या पाळीला, बाजाराला, शाळा-कॉलेजला तिने आपल्या घरांतील दोन-तीन पिढ्यांना वाहून नेले. आता आपलीच मुले-मुली सायकलीकडे खेळ म्हणूनही पाहू लागली आहेत. मुंबई-पुणे शर्यतीचे नाव तर आपल्याकडे आबालवृद्धांना ठाऊक आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. अशा बातम्या वाचून मुलांच्या मनात उमेद निर्माण होते. ही उमेद चांगलीच आहे.

परंतु हा खेळ खर्चाचा आहे. सायकल कशीबशी हाती येते आणि मग मुलगा किंवा मुलगी म्हणते, “मला क्लिपलेस पेडल आणि त्याचे बूट हवेत.” ओव्हरटाइमचे, बोनसचे किंवा भिशीचे पैसे त्यासाठी बाजूला काढले जातात. दुकानात गेल्यावर इंग्रजी नावांचा भडिमार होतो. आईवडील गप्प उभे राहतात आणि दिसायला झोकदार बूट घेऊन सगळे घरी येतात. घरी कळते की, बूट पेडलला बसतच नाही. तळव्याला एकदा पट्टी कसून खुणा उमटल्या की बहुतेक दुकानदार बूट परत घेत नाहीत. कष्टाचा पैसा असा वाया जाऊ नये, म्हणून या विषयाची साधी माहिती येथे देत आहोत. ती बोटांवर मोजण्याइतकीच आहे.

‘क्लिपलेस’ म्हणजे काय?

पूर्वी शर्यतीच्या सायकलीला पेडलच्या पुढे लोखंडी पिंजरा असे. त्यात चवडा घालून वरून चामडी पट्टा आवळत. या पिंजऱ्याला ‘टो-क्लिप’ म्हणत. पट्टा आवळलेला असताना तोल गेला, तर पाय चटकन सुटत नसे.

फ्रान्समधील ‘लूक’ ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट अडकवण्याची यंत्रणा तयार करीत असे. पडताना बूट आपोआप सुटावा, अशी तिची रचना होती. हेच तत्त्व सायकलीला लावून कंपनीने १९८४ साली नवे पेडल बाजारात आणले. १९८५ साली फ्रान्सचे बर्नार इनो यांनी हेच पेडल वापरून ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत जिंकली. त्यानंतर पिंजरे हळूहळू मागे पडले. पिंजऱ्याची क्लिप नाही, म्हणून हे ‘क्लिपलेस’. प्रत्यक्षात बूट पेडलला अडकतोच.

बुटाच्या तळव्याला स्क्रूने एक छोटी पट्टी कसलेली असते. तिला ‘क्लीट’ म्हणतात. क्लीटचे पुढचे टोक पेडलमध्ये घालून चवडा खाली दाबला की मागची स्प्रिंग ‘टक्’ आवाज करून बसते. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की पाय सुटतो. म्हणजे पेडल, क्लीट आणि बूट ही तिघांची जोडणी आहे. यातील एक जरी विजोड निघाला, तरी उरलेल्या दोघांचा काही उपयोग नाही.

तळव्याची भोके मोजा

बूट हातात घेतला की प्रथम तो उलटा करा. रंग, चकाकी, नाव हे सगळे नंतर. तळव्यावर क्लीटसाठी किती भोके आहेत, ते मोजा.

दोन भोके : ही मुळात डोंगरी सायकलीची पद्धत. जपानच्या ‘शिमानो’ कंपनीने ती १९९० साली ‘एसपीडी’ या नावाने आणली. क्लीट लहान आणि धातूची असते. ती तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे बूट घालून चालता येते. यातील बऱ्याच पेडलना दोन्ही बाजूंनी पाय अडकतो. खाली पाहत बसावे लागत नाही.

तीन भोके : त्रिकोणात तीन भोके दिसली की तो रस्त्यावरील शर्यतीचा बूट समजावा. ‘लूक’चे ‘केओ’, ‘शिमानो’चे ‘एसपीडी-एसएल’ आणि ‘टाइम’ या कंपनीचे रस्त्याचे पेडल याच पद्धतीचे. क्लीट मोठी आणि प्लॅस्टिकची असते. पायाचा जोर रुंद जागेवर पसरतो व पकड पक्की राहते. मात्र क्लीट तळव्याबाहेर आलेली असते. चालताना माणूस बदकासारखा चालतो आणि गुळगुळीत फरशीवर घसरतो.

चार भोके : ‘स्पीडप्ले’ या पेडलची ही पद्धत. असे बूट कमी दिसतात. तीन भोकांच्या बुटावर जोडपट्टी लावूनही ही क्लीट बसवता येते.

येथे तीन ठिकाणी फसगत होते. पहिले, ‘एसपीडी’ आणि ‘एसपीडी-एसएल’ ही नावे सारखी वाटली, तरी वस्तू अगदी वेगळ्या आहेत. एक दोन भोकांची, दुसरी तीन भोकांची. दुसरे, भोके जुळली म्हणजे पेडल जुळले असे नाही. तीन भोकांच्या एकाच बुटावर ‘लूक’ची क्लीट बसते आणि ‘शिमानो’चीही बसते, परंतु ‘लूक’ची क्लीट ‘शिमानो’च्या पेडलमध्ये अडकत नाही. ‘लूक’चे जुने ‘डेल्टा’ आणि नंतरचे ‘केओ’ हेसुद्धा एकमेकांना चालत नाहीत. तिसरे, क्लीट सहसा नव्या पेडलच्या खोक्यात मिळते, बुटासोबत मिळत नाही. वापरलेले पेडल घेताना क्लीट सोबत आहे का, हे विचारावे. नसल्यास तो खर्च वेगळा धरावा.

काही बुटांना दोन आणि तीन अशी दोन्ही प्रकारची भोके असतात. ज्याचे पेडल पुढे बदलण्याची शक्यता आहे, त्याला असा बूट सोयीचा पडतो.

आपल्याला कोणता हवा?

कामावर जायला पाच-सहा किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला यातले काहीच नको. साधे सपाट पेडल आणि कडक तळव्याचा साधा बूट पुरेसा आहे. सिग्नल, खड्डे, रिक्षा, आडवे येणारे कुत्रे यांच्या गर्दीत पाय मोकळा असलेला बरा. हे आपण स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही.

लांब पल्ल्याची आवड असणाऱ्यांनी दोन भोकांचा विचार करावा. आपल्याकडे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथे ‘ब्रेव्हे’ नावाच्या सायकल-यात्रा होतात. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून कार्डावर नोंद करून घ्यायची, चहा-पाणी घ्यायचे, पंक्चर काढायचे. एवढी पायपीट प्लॅस्टिकच्या क्लीटवर करू गेल्यास क्लीटही झिजते आणि माणूसही घसरतो.

जो मुलगा किंवा मुलगी नियमित सराव करते, प्रशिक्षकाकडे जाते आणि रस्त्यावरील शर्यतीत उतरते, तिला तीन भोकांचा बूट शोभतो. तिनेही पिशवीत एक चप्पल ठेवावी.

तळवा कडक का असतो?

सायकलीचा बूट हातांनी वाकवून पाहिला तर वाकत नाही. हा दोष नाही. क्लीटची जागा लहान असते आणि सगळा जोर तेथेच पडतो. तळवा मऊ असेल, तर तासाभरात चवड्याची आग होते, बोटे बधिर होतात. स्वस्त बुटांचा तळवा नायलॉनचा असतो, महागड्यांचा कार्बन फायबरचा. कार्बन हलका आणि अधिक कडक असतो. परंतु नवशिक्या खेळाडूला नायलॉनचा तळवा पुरतो. कार्बनच्या जास्तीच्या पैशांत टायर-ट्यूब आणि चांगले हेल्मेट येत असेल, तर आधी ते घ्यावे.

बांधणीचेही तसेच. नाडी, व्हेल्क्रोचा पट्टा किंवा फिरवायची चकती, यांपैकी काहीही चालते. चकतीने चालत्या सायकलीवर सैल-घट्ट करता येते, पण ती महाग पडते. नाडीचे टोक मात्र चेनमध्ये जाणार नाही, असे खोचून ठेवावे.

माप घरीच घ्या

संध्याकाळी माप घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जे मोजे घालणार तेच घालून कागदावर उभे राहावे. टाच भिंतीला लावावी आणि दुसऱ्या माणसाने सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलने खूण करावी. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. चवड्याची रुंदीही मोजावी. एका कंपनीचा ४२ नंबर दुसरीच्या ४२ शी जुळेलच असे नाही. म्हणून मिलिमीटरचे माप कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावे. चपलेत वाढलेले आपले पाय पुष्कळदा चवड्याशी रुंद असतात. काही कंपन्या रुंद पायासाठी वेगळे बूट काढतात, ते आवर्जून मागावेत. रुंदी कमी पडते म्हणून लांबीने मोठा बूट घेऊ नये.

पायात घातल्यावर बोटे पुढे टेकता कामा नयेत आणि टाच वर उचलली जाता कामा नये. शाळेचे बूट घेताना ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून आपण एक-दोन नंबर मोठे घेतो. ती काटकसर येथे उलटते. सैल बुटात टाच सरकते, क्लीट चुकीच्या जागी येते आणि पाय सोडवताना बूट आधी फिरतो, पेडल नंतर सुटते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी वापरलेले बूट पाहावेत. पेडल तेच राहते, बूट तेवढे बदलता येतात. मात्र तळव्याला तडा नाही ना, भोकांचे आटे शाबूत आहेत ना, हे तपासावे.

गुडघा सांभाळा

अंगठ्याच्या मुळाचे हाड आणि करंगळीच्या मुळाचे हाड चाचपून बुटावर खडूने खुणा कराव्यात. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या दरम्यान येईल, अशी क्लीट बसवावी. स्क्रूला थोडे ग्रीस लावावे, म्हणजे पावसाळ्यात ते गंजून अडकणार नाहीत.

अडकलेल्या अवस्थेतही टाच थोडी इकडेतिकडे हलू देणाऱ्या क्लीट मिळतात. गुडघ्यासाठी त्या चांगल्या. त्यांना रंग असतात, पण रंगावर विसंबू नये. ‘शिमानो’ची लाल क्लीट अजिबात हलू देत नाही, निळी २ अंश आणि पिवळी ६ अंश हलू देते. ‘लूक केओ’मध्ये काळी अजिबात हलत नाही, करडी साडेचार अंश आणि लाल ९ अंश हलते. एकाकडची लाल सर्वांत ताठ, दुसऱ्याकडची लाल सर्वांत मोकळी! म्हणून अंश विचारून घ्यावेत. नवशिक्याने पिवळी किंवा करडी घ्यावी. सराव सुरू केल्यावर गुडघा दुखू लागला, तर दुखणे अंगावर काढू नये. क्लीटची दिशा तपासावी आणि तरीही न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या दिवशी रस्त्यावर नको

पेडल बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावे. आपल्या क्रँकचे आटे त्याला जुळतात का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करण्याचा स्क्रू बहुतेक पेडलना असतो. सुरुवातीला तो सर्वांत सैल ठेवावा. भिंतीला हात टेकून एकेक पाय वीस-पंचवीस वेळा अडकवावा आणि सोडवावा. नंतर मोकळ्या मैदानात सराव करावा. नवशिका पडतो तो वेगात असताना नव्हे. तो थांबताना, पाय सोडवायला विसरल्यामुळे पडतो. म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवण्याची सवय लावावी. ही सवय अंगवळणी पडल्यावरच मुलाला रहदारीत जाऊ द्यावे.

दुकानात जाताना

कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : पेडलचे पूर्ण नाव, भोकांची संख्या, दोन्ही पायांचे माप आणि आपण किती पैसे देऊ शकतो तो आकडा. शक्य झाल्यास पेडलच सोबत न्यावे. दुकानदारासमोर क्लीट पेडलमध्ये अडकवून पाहावी, बूट घालून दहा मिनिटे बसावे, बदलून देणार का हे विचारावे आणि पावती घ्यावी. विचारायला लाजू नये. पैसा आपला आहे, पायही आपल्याच मुलाचा आहे.

ज्या घरात नवे बूट घेणे आज जमत नाही, त्या घरातील मुलाने खट्टू होऊ नये. सपाट पेडलवरही घाट चढता येतो आणि दमसास वाढवता येतो. ती तयारी आधी करावी. बूट त्यानंतर घेतले, तरी उशीर होत नाही.