पन्नास रुपयांचा डाव आणि उडालेली झोप

दिंडोशी, संतोषनगर, कुरारच्या वस्त्यांत आम्ही तपासणी शिबिर घेतो तेव्हा पंचविशीतली मुलं डोकेदुखी, पित्त आणि झोप लागत नसल्याची तक्रार सांगतात. दारू-तंबाखूचं आम्ही विचारतोच. हल्ली आणखी एक विचारतो : रात्री मोबाईलवर पैसे लावून खेळतोस का? मुलगा गप्प बसतो. उत्तर बहुधा सोबत आलेली आई देते.

रमी सगळ्यांना ठाऊक आहे. पोकरही पत्त्यांचाच डाव. त्यातली एक छोटी स्पर्धा अशी : तिघे जण, समजा, प्रत्येकी ५० रुपये भरतात. पत्ते वाटण्याआधी पडद्यावर चाक फिरतं आणि बक्षीस ठरतं. क्वचित कधी हजारपट, बहुतेक वेळा फक्त दुप्पट. म्हणजे जमले १५० आणि जिंकणाऱ्याला १००. उरलेल्यातून कंपनीचा वाटा निघतो आणि त्या दुर्मीळ जॅकपॉटची तजवीज होते. डाव दहा-एक मिनिटांत संपतो. रात्रीत १८ डाव खेळले तर ९०० रुपये लागले. तिघे सारखेच हुशार धरले आणि चाक दुपटीवरच थांबत राहिलं, तर वाट्याला ६ विजय, ६०० रुपये. रात्रीचे ३०० गेले, महिन्याचे ९,०००. "पन्नासच तर लावतो" म्हणणाऱ्यापुढे हा हिशेब कागदावर मांडा. पोकरला डोकं लागतं हे खरं, पण ते चाक कुणाच्या डोक्याने फिरत नाही.

बक्षीस केव्हा येईल याचा नेम नसला की मेंदू जास्त ओढला जातो. कंपवाताच्या काही गोळ्या मेंदूतल्या डोपामिनसारखं काम करतात. त्या घेणाऱ्या काही रुग्णांना पूर्वी कधी नव्हता असा जुगाराचा नाद लागल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पोराला नालायक म्हणून मोकळं होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आहे, ऑनलाइन जुगाराचाही.

बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा आहे, जुगाराची वेगळी नाही, असं कुणी आम्हाला ऐकवतं. पण सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. त्यातला एक असा की, जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत उरत नाही. आम्ही पाहतो ते हेच. आधी भिशीचा हप्ता चुकतो, मग मित्र फोन उचलत नाहीत, मग कर्ज देणारं अॅप.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या मंजुरीने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि देशातल्या मोठ्या अॅपनी असे डाव थांबवले. नाद मात्र कायद्याने थांबत नाही. काही जण परदेशी अॅपकडे वळतात, तिथे पैसे अडकले तर दाद मागायलाही जागा नाही. या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. कूपर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा.

घरच्यांनी कर्ज फेडायला रोख रक्कम त्याच्या हातात देऊ नये. त्याच्या संमतीने पगाराचं खातं काही महिने दुसऱ्याने सांभाळावं. आणि तो कर्जात बुडून अबोल झाला असेल तर सरळ विचारा : जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.