प्रेसवर कॅमेरा लावायचा का? लग्नपत्रिका आणि बियाण्याचा टॅग

आजचा प्रश्न अमरावती-अकोल्याकडच्या छोट्या प्रेसवाल्यांचा. डिजिटल मशीन घेतली, आता छपाई आपोआप तपासणारं युनिटही घ्यायचं का? विकणारा तर ‘घ्याच’ म्हणणार. आपण हिशेब करू.

कोनिका मिनोल्टाचं आयक्यू-५०१ घ्या. शीट बाहेर पडताना ते रंग मोजतं, पुढची-मागची बाजू जुळते का बघतं आणि चालू कामातच दुरुस्ती करतं. छापलेलं पान मूळ नमुन्याशी ताडून खराब शीट बाजूला काढणारं युनिट वेगळं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाजू जुळत का नाहीत? कागदात ओलावा असतो. पहिली बाजू छापताना फ्यूजरच्या उष्णतेनं तो सुकतो, कागद थोडा आकसतो आणि दुसरी बाजू सरकते. त्यात आपला मे महिना! पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी, स्टॅटिकनं शीट एकमेकींना चिकटतात. आणि लग्नसराईही तेव्हाच. सेन्सर इथं मदत करतो, खरंय. पण एसी आणि वापरेपर्यंत न फोडलेली रिमं यांनीही बरंचसं काम होतं. (कूलर मात्र घरी लावा, प्रेसच्या खोलीत नको. कागद ओलावा पिऊन वाकडा होतो.)

आता पैसे. समजा, युनिट १२ लाखांचं आणि ५ वर्षं चाललं. व्याज सोडून महिन्याला २०,००० रुपये. एक शीट वाया गेली की कागद आणि क्लिक चार्ज मिळून १० रुपये जातात असं धरा. म्हणजे महिन्याला २,००० शीट वाचल्या तरच बरोबरी. तुम्ही महिन्याला २०,००० शीट छापत असाल, तर १० टक्के वेस्टेज वाचायला हवं! एवढं वेस्टेज असेल तर भाऊ, आधी मशीनची सर्व्हिसिंग करा.

शिवाय पत्रिकेतली महागडी चूक रंगाची नसतेच. नवरीच्या मामाचं नाव पीडीएफमध्येच चुकलं, तर कॅमेरा ५०० च्या ५०० पत्रिका पास करेल.

पण प्रत्येक शीट वेगळी असते तिथं गणित उलटतं. अकोल्यात १९७६ पासून महाबीज आहे, म्हणजे बियाणं आपल्या घरचाच विषय. बियाण्याच्या टॅगचा रंग ठरलेला असतो: पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यप्रतला हिरवा. त्यावर लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत, आणि आता क्यूआर कोडही येऊ लागलाय. सोयाबीन उगवलं नाही तर शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणून उरतं काय? पिशवी, टॅग आणि पावती. टॅगवरचा आणि पावतीवरचा लॉट नंबर जुळला नाही, तर त्याची तक्रार तिथंच लंगडी पडते. हजारो टॅगमधला एक आकडा चुकलेला, एक नंबर दोनदा छापलेला डोळ्याला दिसत नाही. कॅमेरा प्रत्येक कोड वाचतो, यादीशी ताडतो.

म्हणून टॅग, हॉल तिकीट, नंबर टाकलेली पावतीपुस्तकं अशी कामं नेहमीची असतील तर तपासणारा कॅमेरा घ्या, रंगाचा सेन्सर नंतर बघू. नुसत्या पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड असतील तर मशीनशेजारी एक वही ठेवा. महिनाभर वाया गेलेली प्रत्येक शीट कारणासकट लिहा, आणि मगच विकणाऱ्याला फोन करा.