यंत्रांची बोलाचाली, लेखांक ६ : मीटर गप्प आहे की बरळतो आहे?

मागच्या आठवड्यात तार ओढून झाली. मीटरवरून मीटरवर जाणारी एकच साखळी, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, शील्ड एकाच ठिकाणी अर्थला. आता पॅनेलचे दार लावून संगणकापुढे बसायचे. स्काडामध्ये मॉडबस आरटीयूचा ड्रायव्हर जोडला की एक विंडो उघडते आणि तिच्यात आठ-दहा रकाने असतात: कॉम पोर्ट, बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट, स्लेव्ह आयडी, टाइमआऊट, रिट्राय वगैरे. साइटवर नव्याने आलेली मुले हे रकाने अंदाजाने भरतात आणि चालले नाही की एकेक आकडा बदलत बसतात. तीन-चार तासांनी कशाने तरी लाइन सुरू होते, पण कशाने ते कोणालाच सांगता येत नाही. महिन्याभराने पुन्हा बंद पडली की पहिल्यापासून सुरुवात. मला ही पद्धत बिलकूल मान्य नाही. बंद पडलेली लाइनसुद्धा काहीतरी सांगत असते. ते ऐकायची सवय लागली की अंदाज बांधायची वेळ फार थोडी येते.

एका साखर कारखान्यातला प्रसंग सांगतो. बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले होते, गव्हाणीत मोळी टाकायला तीन दिवस उरले होते. फीडर पॅनेलवरचे १४ एनर्जी मीटर एका लाइनवर होते आणि त्यांतले दोन, १ नंबरचा आणि ९ नंबरचा, सकाळपासून स्काडावर दिसत नव्हते. बाकीचे बारा व्यवस्थित. इलेक्ट्रिकलचे फोरमन माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. ते म्हणाले, "साहेब, काल संध्याकाळपर्यंत सगळं चालू होतं. केबलला कुणी हात लावलेला नाही."

ड्रायव्हरचा लॉग उघडला. ९ नंबरला विचारले की टाइमआऊट येत होता. १ नंबरला विचारले की सीआरसी एरर. मीटर दोन्ही बंद, पण दोघांची तऱ्हा निराळी. एक गप्प होता, दुसरा बरळत होता.

"मामा, नऊ नंबरच्या फीडरवर काही काम झालं का?"

"मीटर बदलला. जुन्याचा डिस्प्ले गेला होता. स्टोअरमधून नवा काढून लावला."

"त्याच्यात आयडी टाकला?"

"तो टाकावा लागतो होय?"

नवा मीटर उत्पादकाकडून निघताना आयडी १ घेऊन आला होता. त्यामुळे लाइनवर ९ नंबरचा कोणी उरलाच नव्हता आणि १ नंबरचे दोघे झाले होते. नऊला हाक मारली की ओ द्यायला कोणी नाही. एकला हाक मारली की दोघे एकाच वेळी बोलणार आणि दोघांचे बाइट एकमेकांत मिसळून त्यांचा चिखल होणार. मीटरच्या तोंडावरची बटणे दाबून १ चा ९ केला आणि दोन्ही मीटर स्क्रीनवर आले. तार सोडावी लागली नाही, ड्रायव्हरमधला एक आकडाही बदलावा लागला नाही.

ड्रायव्हर हे काम करतो कसे, ते आता पाहू. स्काडाला फक्त 'फीडर १ चा व्होल्टेज' हवा असतो. ड्रायव्हर त्याचे बाइट करतो. ते असे दिसतात: ०१ ०३ ०० ०० ०० ०२, आणि शेवटी सीआरसीचे दोन बाइट. पहिला ०१ म्हणजे कोणाला विचारतो आहे. ०३ म्हणजे होल्डिंग रजिस्टर वाचायचे आहेत. पुढचे दोन बाइट कुठून, त्यापुढचे दोन किती. सीआरसी हा आधीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला पडताळा. असे आठ बाइट तारेवर जातात. लाइनवरचे सगळे मीटर ते ऐकतात, पण बोलायचे एकाच मीटरने, ज्याचा आयडी जुळतो त्याने. मोडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी हा मॉडबस काढला. तो इतका साधा असल्यामुळेच आजही मीटरपासून ड्राइव्हपर्यंत सगळीकडे भेटतो. मास्टर-स्लेव्ह हे शब्द मॉडबस ऑर्गनायझेशनने २०२० मध्ये बदलून क्लायंट-सर्व्हर केले आहेत, पण पॅनेलवर काम करणारे अजून स्लेव्ह आयडीच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

आता गप्प राहण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. मीटरचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: प्रश्न नीट पोचला नाही, त्याचा सीआरसी जुळला नाही, तर मीटर 'कळले नाही' असे म्हणत नाही. तो प्रश्न टाकून देतो आणि गप्प बसतो. म्हणून तार तुटली काय, ए आणि बी उलटे लागले काय, बॉड रेट चुकला काय, पॅरिटी चुकली काय, ड्रायव्हरला दिसतो एकच टाइमआऊट. अशा वेळी ओळीने तपासावे. आधी कन्व्हर्टरचे दिवे पाहा. ट्रान्समिटचा दिवा लुकलुकतच नसेल तर प्रश्न संगणकाबाहेर पडलेलाच नाही. तेव्हा कॉम पोर्ट पाहायचा. यूएसबी कन्व्हर्टर काल एका सॉकेटमध्ये होता आणि आज दुसऱ्यात लावला, तर विंडोज त्याला नवा नंबर देऊ शकते. ड्रायव्हर मात्र जुना कॉम ४ च धरून बसलेला असतो. किंवा मीटर तपासायला उघडलेले दुसरे सॉफ्टवेअर मागे चालूच राहिलेले असते. एक कॉम पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो.

ट्रान्समिटचा दिवा लागतो आणि रिसीव्हचा लागत नाही, तर मीटरकडे जा. ए-बी ची अदलाबदल करून पाहायला घाबरू नका. काही उत्पादक ज्याला ए म्हणतात त्याला दुसरे बी म्हणतात, आणि उलटे लावल्याने काही जळत नाही. मग पॅरिटी. मॉडबसच्या प्रमाणाप्रमाणे मूळ सेटिंग ईव्हन पॅरिटी आणि एक स्टॉप बिट असे आहे. पॅरिटी नको असेल तर दोन स्टॉप बिट द्यायचे, म्हणजे प्रत्येक अक्षर ११ बिटांचे राहते. पण बाजारातले अनेक मीटर पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट एकच, असे येतात. म्हणून मॅन्युअल वाचून थांबू नका, त्या मीटरच्या मेनूत प्रत्यक्ष काय टाकले आहे ते डोळ्यांनी पाहा. आणि हे सगळे एकच मीटर जोडून करायचे. चौदा मीटर एकदम जोडून पहिला प्रयत्न करणारा माणूस चौदा शंका एकदम अंगावर घेतो.

बरळण्याची कारणे वेगळी. सीआरसी एरर आला म्हणजे बॉड रेट आणि पॅरिटी बहुतेक बरोबर आहेत, कारण मीटरला प्रश्न कळला म्हणून तर तो बोलला. मग एकाच आयडीचे दोघे आहेत का पाहा, टोकाचे रेझिस्टर पाहा, आणि केबल ड्राइव्हच्या मोटर केबलला चिकटून एकाच ट्रेमधून जाते का ते पाहा. मोटर सुरू असतानाच एरर वाढत असतील तर उत्तर हातात आहे.

तिसरी तऱ्हा नकाराची. मीटर नीट ऐकतो, नीट बोलतो, पण म्हणतो, हे माझ्याकडे नाही. ०३ च्या जागी ८३ येतो आणि त्यापुढे कारण. ०२ म्हणजे असा पत्ता नाही. हे दिसले की मला हायसे वाटते, कारण तार, पॅरिटी, आयडी सगळे बरोबर असल्याची ती पावती असते. चूक बहुतेक एका आकड्याची असते: मॅन्युअलमधला ४०००१ तारेवर शून्य म्हणून जातो, आणि काही ड्रायव्हर हे एक वजा करण्याचे काम स्वतः करतात, काही तुमच्यावर सोडतात.

यातून पार पडल्यावर एक फसवी जागा येते. लॉग स्वच्छ असतो, पण आकडा भलताच दिसतो. समजा व्होल्टेज २३१.४ आहे. फ्लोटमध्ये तो दोन रजिस्टरांत बसतो, १७२५५ आणि २६२१४. ड्रायव्हरने हीच दोन रजिस्टरे उलट्या क्रमाने जोडली तर स्क्रीनवर २७ च्या पुढे २२ शून्ये इतका आकडा येतो. आणि व्होल्टेज नेमका २३० असेल तर दुसरे रजिस्टर शून्य असते. उलटे जोडले की स्क्रीनवर ०.०० दिसते आणि आपण मीटरची पीटी तपासायला धावतो. ड्रायव्हरमध्ये 'वर्ड स्वॅप' नावाचा एक चौकोन असतो, तो टिक करायचा किंवा काढायचा, एवढेच काम.

शेवटी टाइमआऊटचा हिशोब करू. ९६०० बॉडला ११ बिटांचे एक अक्षर साधारण १.१५ मिलिसेकंद घेते. दहा रजिस्टरे वाचायला ८ बाइटांचा प्रश्न आणि २५ बाइटांचे उत्तर, म्हणजे ३८ मिलिसेकंद. दोन फ्रेममध्ये साडेतीन अक्षरांची शांतता पाळायची, दोन वेळा मिळून ८. मीटरला विचार करायला ३० धरले तरी एक मीटर ८० मिलिसेकंदांच्या आत होतो, आणि चौदा मीटर सव्वा सेकंदाच्या आत. आता टाइमआऊट १ सेकंद ठेवला, रिट्राय ३, आणि एक मीटर बंद पडला. पहिला प्रयत्न आणि तीन रिट्राय मिळून चार सेकंद त्याच्यावर जातात. स्क्रीन सव्वा सेकंदाऐवजी पाच सेकंदांनी बदलू लागते आणि ऑपरेटर म्हणतो, सगळी सिस्टीमच स्लो झाली. टाइमआऊट ३०० मिलिसेकंद आणि रिट्राय १ अशाने मी सुरुवात करतो. ड्रायव्हरमध्ये बंद मीटर काही वेळ पोलिंगमधून वगळण्याची सोय असेल तर ती चालू करतो.

त्या कारखान्यात निघण्याआधी मामा आणि मी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. वर बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट. खाली चौदा ओळी: आयडी, फीडरचे नाव, मीटरचे मॉडेल, वर्ड स्वॅप आहे की नाही. नवव्या ओळीसमोर मामांनी स्वतःच्या अक्षरात मीटर बदलल्याची तारीख लिहिली.

पुढच्या आठवड्यात हेच बाइट इथरनेटवरून, पोर्ट ५०२ मधून कसे जातात ते पाहू.