दोन पावसाळ्यांचं आयुष्य

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर चौरंगीकडून पूर्वेला चालत निघालं की आधी हॉटेलं, बेकऱ्या आणि बार लागतात. पुढे झगमगाट ओसरतो आणि मल्लिकबाजारच्या चौकाच्या अलीकडे उजव्या हाताला एक लांबलचक भिंत सुरू होते. भिंतीआड आहे साउथ पार्क स्ट्रीट सिमेटरी. या रस्त्याचं जुनं नावच मुळी बरियल ग्राउंड रोड. महाराजा नंदकुमारला फाशी सुनावणारा सरन्यायाधीश एलायजा इम्पी याची हरणांची बाग इथे होती, तिच्यावरून 'पार्क' आलं आणि थडग्यांचा उल्लेख पुसला गेला. आता पाटीवर मदर तेरेसांचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला पार्क स्ट्रीटच सांगावं लागतं.

मराठी माणसाने आत शिरण्याआधी शेजारच्या आचार्य जगदीशचंद्र बोस रोडकडे एकदा बघून घ्यावं. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाची, बंगाली आयांनी अंगाईत घालून ठेवलेल्या बर्गींची, इतकी धास्ती होती की 1742 साली कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला गेला. मराठे शहरावर आलेच नाहीत आणि खंदकही अर्धवट राहिला. तो पुढे बुजवून त्याच्या आखणीवर सर्क्युलर रोड झाला. बोस रोड म्हणजे त्याचाच दक्षिणेकडचा भाग. मराठ्यांना अडवायची तयारी करणाऱ्या या गावाला प्रत्यक्षात मारलं ते तापाने, हगवणीने आणि कॉलऱ्याने. त्याचा हिशोब या भिंतीच्या आत आहे.

शहरातलं जुनं कबरस्तान, म्हणजे आज जिथे सेंट जॉन्स चर्च आणि जॉब चार्नॉकची कबर आहे ते, भरून गेलं तेव्हा वस्तीच्या बाहेर ही जागा घेतली. ऑगस्ट 1767 मध्ये ती सुरू झाली. पहिला आला जॉन वुड नावाचा कौन्सिलचा कारकून. 1830 च्या सुमारापर्यंत दफनं चालू होती आणि आज इथे सुमारे 1600 थडगी आहेत. पर्यटकांनी गजबजलेली पॅरिसची पेर लाशेज दफनभूमी याच्यानंतर, 1804 साली उघडली. चर्चच्या अंगणापासून तोडलेली, स्वतःचे रस्ते असलेली मोठी दफनभूमी इंग्रजांना मायदेशाआधी बंगालात करावी लागली, ती कुठल्या सुधारणेच्या ओढीने नव्हे. माणसं भराभर मरत होती.

दोन पावसाळे हेच इथे माणसाचं आयुष्य, असं एक वचन ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांत रूढ होतं. ते मूळ कोलकात्याचंही नव्हे, आपल्या मुंबईचं. 1690 च्या आसपास मुंबईत राहून गेलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने ते नोंदवलं. पार्क स्ट्रीटला त्याचा पुरावा दगडावर वाचता येतो. नावं सोडा, वयं वाचा. विशीतले अधिकारी, बाळंतपणात गेलेल्या बायका, काही महिन्यांची मुलं. साठीचा माणूस सापडला तर थांबून बघावंसं वाटतं.

आणि एवढ्याशा आयुष्यांवर ही केवढाली बांधकामं! पिरॅमिड, ओबेलिस्क, ग्रीक खांबांचे मंडप, घुमट. दुतर्फा अशी दाटी की गल्लीतून चालल्यासारखं वाटावं. हा सोस कोलकात्याचा नव्हे, सुरतेचा. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार धरून बसलेला जॉर्ज ऑक्झेंडन पुढे 1669 मध्ये तिथेच वारला. त्याचं दुमजली, घुमटाचं थडगं आजही उभं आहे. मोगल अमिरांच्या कबरींशी चुरस करायची, मेल्यावरही आपला दिमाख उणा पडू द्यायचा नाही, ही रीत तिथून सुरू झाली. कोलकात्यात फरक एवढाच की बंगालच्या गाळात दगड नाही. म्हणून विटेचं बांधकाम करून वर चुन्याचा गिलावा घोटला आणि त्याला दगडाचं रूप दिलं. दमट हवेने गिलावा सुटतो, भेगेत पिंपळ रुजतो, मुळं विटा उचलतात. इथली डागडुजी त्यामुळे कधी संपत नाही.

सगळ्यांत उंच ओबेलिस्क सर विल्यम जोन्सचा. शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर करणारा, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्याचं 1786 साली मांडणारा हा न्यायाधीश 1794 मध्ये 47 व्या वर्षी गेला. त्याने स्थापलेली एशियाटिक सोसायटी याच रस्त्याच्या चौरंगीकडच्या टोकाला आहे. पिळदार खांब दिसेल तो रोझ एल्मरचा. 1800 साली विसाव्या वर्षी ती वारली. कोलकात्यातला वकील विल्यम हिकी आपल्या आठवणींत तिच्या मरणाचा ठपका अननसावर ठेवतो. तिच्यावरच्या वॉल्टर सॅव्हेज लँडरच्या छोट्या कवितेने तिला इंग्रजी साहित्यात जागा दिली.

मला मात्र रेंगाळावंसं वाटतं ते मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टपाशी. गंगेत नेमाने स्नान करणारा, मूर्ती जमवणारा, कोलकात्यातल्या मडमांनी साडी नेसावी म्हणून लिहिणारा हा आयरिश गृहस्थ. लोक त्याला 'हिंदू स्टुअर्ट' म्हणत. 1828 साली तो वारला तेव्हा त्याच्या काही मूर्ती बरोबर पुरल्या. थडग्याचा घाट देवळाचा आहे. त्याचा मोठा मूर्तिसंग्रह आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते प्रेम होतं की लूट, हा वाद त्याच्या या देवळासमोर उभं राहून घालावा. हिंदू कॉलेजातून काढता पाय घ्यावा लागलेला, विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवणारा डेरोझिओही इथेच आहे. 1831 साली कॉलऱ्याने गेला तेव्हा तो 22 वर्षांचा होता.

सगळंच वाचलं असं नाही. रस्त्यापलीकडची नॉर्थ पार्क स्ट्रीट सिमेटरी विसाव्या शतकाच्या मध्याला जमीनदोस्त झाली. कादंबरीकार थॅकरेचा बाप तिथे पुरलेला होता. उलट डिकन्सच्या मुलाचा, वॉल्टरचा दगड इथे आहे आणि तो स्वतः भवानीपूरला. जादवपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1987 साली दगड तेवढा इकडे हलवला. बंगाली पोरांना याचं काही नाही. ती येतात फेलूदा या गुप्तहेरासाठी. सत्यजित रायांनी 'गोरस्थाने सावधान' ही त्याची रहस्यकथा या थडग्यांत घडवली.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळी. पावसाळ्यात शेवाळावर पाय घसरतो आणि डास उभं राहू देत नाहीत. फाटकावर थोडं शुल्क घेतात. फोटोसाठी थडग्यांवर चढू नका, आतली वीट भुसभुशीत झालेली आहे. व्हिक्टोरिया मेमोरियलही त्याच दिवशी बघायचं असेल, तर ते दुपारवर टाका आणि आधी इथे या.