मामाचं आडनाव

बजाजनगरच्या एका वाचकाने विचारलं आहे : आडनाव एक, म्हणजे रक्त एक का?

पाटलांपुरतं उत्तर सोपं आहे. पाटीलकी गावोगावी होती. त्यामुळे कंपनीत एकाच लाइनवर चार पाटील असले तरी चौघांची कुळं वेगळी असू शकतात. इंग्लंडचे स्मिथ असेच, गावोगावचे लोहार. कमी आढळणाऱ्या आडनावांची गोष्ट वेगळी. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाचे 48 पुरुष तपासले. 2000 साली निष्कर्ष छापून आला : निम्म्याच्या जवळपास जणांचं वाय गुणसूत्र एकाच ठशाचं.

पण मला खरी गंमत वाटते ती 1875 सालच्या हिशोबाची. चार्ल्स डार्विनने सख्ख्या मामाची मुलगी केली होती, आणि अशा लग्नांचा मुलांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो ही चिंता त्याला जन्मभर होती. 1871च्या जनगणनेत हा प्रश्न घालायला संसदेने नकार दिला. मग मुलगा जॉर्ज कामाला लागला. वर्तमानपत्रातल्या विवाहवार्तांमधून त्याने एकाच आडनावाची जोडपी मोजली, योगायोगाने जुळणारे स्मिथ-स्मिथ वजा केले आणि उरलेल्यांवरून चुलत-मामेभावंडांच्या लग्नांचा अंदाज बांधला. त्याचे आईवडील मात्र या मोजणीत सापडलेच नसते : ती वेजवुड, तो डार्विन! म्हणून भिन्न आडनावांच्या जोड्यांसाठी त्याला वेगळं गुणोत्तर काढावं लागलं.

हा हिशोब आपल्याकडे उलटाच होतो. मराठी हिंदू घरांत भावकीत सोयरीक होत नाही. कुलकर्ण्यांची मुलगी कुलकर्ण्यांकडे दिली, तर दोन्ही घरांनी गोत्र वेगळं असल्याची खात्री आधीच केलेली असते. मामाच्या मुलीवर मात्र कित्येक समाजांत पहिला हक्क, आणि तिचं आडनाव बहुधा वेगळं. इरावती कर्वे यांनी 1953च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात ही सोयरिकीची रीत प्रांतवार मांडली. आपण त्यांना ‘युगान्त’साठी डोक्यावर घेतो, हे मूलभूत काम मराठी वाचकांपर्यंत फारसं आलंच नाही, याची मला खंत वाटते.

झेरॉक्सच्या दुकानात टाइप होणाऱ्या लग्नाच्या बायोडाटात वडिलांच्या नावाखाली ‘मामांचे आडनाव व गाव’ ही ओळ असते. थॅलेसेमियासारख्या आजारात डॉक्टर ‘नात्यात लग्न झालंय का?’ असं विचारतात, तेव्हा मुलाच्या स्वतःच्या आडनावापेक्षा हीच ओळ जास्त सांगते.